त्या चार तासांच्या नोंदी आणि काळा कोट

पत्र:

ताई,

मी ३४ वर्षांची आहे. बी.एस्सी. नर्सिंग होऊन ११ वर्षं झाली, त्यातली सात आयसीयूत गेली. सध्या पुण्यात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये सिनियर स्टाफ नर्स आहे. आम्ही धायरीला राहतो. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, मुलगी तिसरीत आहे, सासूबाई घरी असतात. आता नाइट झेपत नाहीत. यूट्यूबवर अमेरिकेतल्या 'लीगल नर्स'चे व्हिडिओ बघितले आणि डोक्यात बसलं की एलएल.बी. करून हॉस्पिटलच्या कम्प्लायन्सचं, म्हणजे कायदे-नियम पाळले जातात ना ते बघायचं, काम करावं. एक जण म्हणाला, पैसे भरले की हजेरी न लावताही एलएल.बी. होते. मिस्टर म्हणतात, चाळिशीत वकील होऊन कोर्टात कुणाच्या बॅगा उचलणार?

आणखी एक कारण आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे एक पेशंट रात्री गेला. नातेवाइकांनी कागद मागितले. दुसऱ्या दिवशी इन्चार्जनी मला बोलावून चार तासांचे राहिलेले व्हायटल्स (बीपी, नाडी वगैरेंच्या नोंदी) भरायला लावले. मी भरले. कायदा माहीत असता तर नाही म्हटलं असतं, असं तेव्हापासून वाटतं. माझ्या अनुभवाचा काही उपयोग होईल का, की सगळं पहिल्यापासून?

– एक सिस्टर

उत्तर:

आधी त्या चार तासांबद्दल बोलू. तुम्ही ते 'आणखी एक कारण' म्हणून शेवटी घातलंय, पण मला सगळं पत्र त्याच चार ओळींसाठी लिहिल्यासारखं वाटलं.

कायदा माहीत नव्हता म्हणून तुम्ही त्या नोंदी भरल्या, हे मला पटत नाही. न घेतलेलं बीपी लिहायचं नसतं, हे फर्स्ट इयरच्या मुलीलाही ठाऊक असतं. तुम्ही भरलंत, कारण समोर इन्चार्ज उभ्या होत्या आणि पुढच्या महिन्याचं ड्यूटी रोस्टर त्यांच्या हातात होतं. त्या उभ्या होत्या कारण मेट्रनचा निरोप आला होता, आणि मेट्रनना कुणाचा आला असेल ते आपण दोघीही ओळखतो. मी हे काठावर बसून सांगत नाही. वकिलीच्या परीक्षा देण्याआधी चौदा वर्षं मीही वॉर्डात काढली आहेत. एका हॉस्पिटलात, नाव नको, मलाही कोऱ्या इनटेक-आउटपुट चार्टसमोर बसवलं होतं. मी भरला. आधीच्या शाईशी जुळेल असं पेन घे, एवढंही वरून सांगितलं होतं.

राहिलेली नोंद नंतर करताच येत नाही असं नाही. 'लेट एंट्री' असं स्पष्ट लिहायचं, लिहिताना घड्याळात जी वेळ आहे तीच टाकायची, स्वतः पाहिलेलं-केलेलं आठवतं तेवढंच लिहायचं आणि सही करायची. न मोजलेला आकडा लिहायचा नाही. आयसीयूत तर हे आणखी अंगाशी येतं, कारण मॉनिटर आपला ट्रेंड वेळेसकट साठवत असतो. कागदावर १२०/८० आणि मॉनिटरच्या पोटात भलतंच, असं झालं की वकिलाला फार काही विचारावं लागत नाही.

आता तुमच्यापुरतं. त्या फाइलला पुन्हा हात लावू नका, 'दुरुस्त' करायलाही नाही. त्या दिवशी काय घडलं, कुणी काय सांगितलं, ते आजची तारीख घालून स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. फाइलचे फोटो काढून घरी नेऊ नका. तो पेशंटचा कागद आहे, तुमचा नाही. आणि चौकशी किंवा नोटीस निघाली तर जबाब देण्याआधी स्वतःच्या वकिलाला भेटा. हॉस्पिटलचे वकील गोड बोलतील, पण ते हॉस्पिटलचे आहेत, आणि त्या कागदावर सही तुमची आहे. खोटा पुरावा तयार करणं हा फौजदारी गुन्हा आहे. 'वरून सांगितलं' म्हणून सहीची जबाबदारी आपोआप सुटत नाही. ही भेट पुढे ढकलू नका. नोटिशीची वाट न बघता गेलात तरी चालेल.

हे एवढं लांबवलं, कारण ज्या कामाकडे तुम्ही निघाला आहात तिथे हाच प्रसंग पुन्हा येणार आहे. फक्त तेव्हा एका पेशंटची नाही, अख्ख्या वर्षाची रजिस्टरं समोर असतील आणि सांगणारा माणूस इन्चार्जपेक्षा बऱ्याच वरचा असेल. 'उद्या ऑडिट आहे, तेवढं पूर्ण करून घ्या' हे वाक्य मी कम्प्लायन्सच्या कामात जितक्यांदा ऐकलं तितकं वॉर्डात ऐकलं नव्हतं.

यूट्यूबवरच्या सिस्टरांचं जग जरा वेगळं आहे. तिकडची 'लीगल नर्स कन्सल्टंट' बहुतेक वेळा वकील नसते. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यात वकिलाला फाइल वाचून देणारी ती अनुभवी नर्स असते. त्यांची संघटना १९८९ पासून आहे. नर्स असून वकील झालेली ती निराळी. आणि तिकडे कम्प्लायन्स एवढं फुगलंय त्याचं कारण पैसा आहे. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याला खोटं बिल लावलं तर फॉल्स क्लेम्स कायद्याखाली तिप्पट भरपाई बसते. हा कायदा मुळात १८६३ चा, यादवी युद्धात सैन्याला खराब माल विकणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला. त्याच्या जोडीला रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेसाठी १९९६ चा हिपा. आपल्याकडे असा दंडुका नाही, त्यामुळे तेवढ्या जागा नाहीत आणि तेवढे पगारही नाहीत. हिपाचा उपयोग पुण्यात नाही असं मात्र नाही: हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात अमेरिकन हॉस्पिटलांची बिलं आणि क्लेम बघणाऱ्या कंपन्या आहेत. तिथे वैद्यकीय भाषा कळणाऱ्या नर्सला किंमत असते. पण अमेरिकेच्या घड्याळावर काम म्हणजे पुन्हा रात्रपाळी आलीच. तुम्हाला नाइट सोडायच्या आहेत ना?

इथल्या हॉस्पिटलात कम्प्लायन्स हे बऱ्याच ठिकाणी एक खोली, एक लोखंडी कपाट आणि एक एक्सेल शीट असतं. शीटमध्ये परवाने आणि त्यांच्या मुदती. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो, आणि २०२१ साली त्याचे नियम बदलून त्यात रुग्णहक्कांची सनद आली. ही नोंदणी पुणे शहरात महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे, पिंपरी-चिंचवडला तिथल्या पालिकेकडे, ग्रामीण भागात औंधला बसणाऱ्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. मग जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ, एक्स-रे आणि सीटीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळ, फार्मसीला अन्न व औषध प्रशासन (एफडीए), सोनोग्राफी, गर्भपात केंद्र, लिफ्ट, द्रव ऑक्सिजनची टाकी, आणि अग्निसुरक्षेचा दर जानेवारी-जुलैत द्यायचा 'फॉर्म बी'. वाचताना डोळे मिटायला लागले असतील तर लाजू नका, माझेही मिटतात. हे तारखांचं काम कुणीही नेटका बी.कॉम. झालेला मुलगा करू शकतो. त्यासाठी तुमची अकरा वर्षं लागत नाहीत.

ती लागतात भिंतीवरच्या परवान्यात आणि खाटेजवळच्या कामात अंतर पडतं तेव्हा. पुण्यात पाटी लावली की नियम पाळला गेला, असं समजायची जुनी सवय आहे, आणि हॉस्पिटलंही पुण्यातच आहेत.

कचऱ्याचंच घ्या. २०१६ चे नियम सांगतात: रक्त-पू लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात; कचरा ४८ तासांच्या आत बाहेर; पिशवीवर बारकोड; वर्षाचा अहवाल ३० जूनच्या आत. हे पोस्टर प्रत्येक डर्टी युटिलिटीत, म्हणजे वॉर्डातल्या कचऱ्याच्या खोलीत, लावलेलं असतं. तरी पिवळ्या पिशवीत सुई सापडते आणि कचरा उचलणाऱ्या मावशीच्या बोटात घुसते. बाहेरून आलेला ऑडिटर शेरा मारतो, 'स्टाफला प्रशिक्षण द्या.' प्रशिक्षण होतं, सह्या होतात, चहा-बिस्किटं होतात, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सुई. मी एकदा कुठल्या पाळीत सुया सापडतात ते लिहीत गेले. बहुतेक पहाटे. कारण एवढंच होतं, की सुयांचा डबा तिसऱ्या पाळीत भरायचा आणि नवा डबा सकाळी स्टोअर उघडल्यावरच मिळायचा. स्टोअरच्या इंडेंटची, म्हणजे सामान मागवायची, वेळ बदलली आणि प्रश्न जवळजवळ संपला. ती गोष्ट मला नियमांच्या पुस्तकात सापडली नव्हती, मी नाइट केल्या होत्या म्हणून सुचली.

संमतीपत्राचंही तसंच. समीरा कोहली प्रकरण तुम्ही आजच शोधून वाचा. सुप्रीम कोर्टाचा २००८ चा निकाल आहे. बाईने तपासणीपुरत्या लॅप्रोस्कोपीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशयं काढली. कोर्टाने सांगितलं, शुद्धीवर येऊन ती स्वतः ठरवू शकत होती आणि तिच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता, म्हणून आईची संमती चालणार नाही. वकील हा निकाल पाठ म्हणून दाखवेल. पण सकाळी साडेसहाला, ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) दोन फोन येऊन गेल्यावर, इंग्रजी फॉर्मवर 'इथे सही करा मावशी' म्हणून अंगठ्याने जागा दाखवणारी कोण असते? तुम्ही आणि मी. धडधाकट, शुद्धीतल्या बाईच्या फॉर्मवर नवऱ्याची सही किती सहज घेतली जाते, हे आपल्याला माहीत आहे. म्हणूनच तो फॉर्म मराठीत कसा लिहावा, आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनीच समजावून सही घ्यायची व्यवस्था कशी बसवावी, ओटीच्या दारात कोणत्या कारणासाठी पेशंट थांबवावा, हे तुम्ही ठरवू शकता.

सोनोग्राफीच्या खोलीत तर कागद हाच कायदा आहे. गर्भलिंगनिदान बंदीच्या पीसीपीएनडीटी कायद्यात गर्भवतीच्या नोंदी अपुऱ्या किंवा चुकीच्या असतील तर तोच कायद्याचा भंग मानला जातो. भंग झाला नाही हे सिद्ध करायचं ओझं डॉक्टरवर. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने याला आव्हान दिलं होतं, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ते फेटाळलं. गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद करायच्या फॉर्म एफमधला एक रिकामा रकाना म्हणजे नुसता हलगर्जीपणा नव्हे, हे रिसेप्शनवरच्या मुलीला समजेल असं सांगणारं माणूस हवं असतं. त्याच्या जोडीला मॉर्फिन-फेंटानिलचं रजिस्टर, एमएलसीची (अपघात, मारहाण अशा पोलिसी केसची) पोलिसांना दिलेली खबर, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची पॉक्सोखाली बंधनकारक असलेली सूचना, पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे कागद. यातलं एकही काम तुम्हाला नवं नाही. आजवर तुम्ही ते 'सिस्टरचं लिखाण' म्हणून केलंत, इतकंच.

तुमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलचं आणखी एक. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. आपल्या वॉर्डात या खाटा कोणत्या, कुणी ठरवतं, नातेवाईक ॲडमिशनला आल्यावर त्यांना ही योजना कोण सांगतं, एवढं महिनाभर नुसतं बघा. कुणाला विचारू नका, फक्त बघा. कम्प्लायन्स म्हणजे काय ते मला दहा पानांत सांगता येणार नाही, ते तिथे दिसेल.

आता रस्ता. माझं मत असं, की एलएल.बी. करा, पण पहिलं पाऊल म्हणून नाही. आधी हॉस्पिटलातच जागा बदला. इन्फेक्शन कंट्रोल नर्स, क्वालिटी सेल, मेडिकल रेकॉर्ड विभाग, यांपैकी जिथे फट दिसेल तिथे अर्ज द्या. हॉस्पिटलच्या दर्जाचं एनएबीएच मानांकन असलेल्या किंवा घ्यायच्या तयारीत असलेल्या हॉस्पिटलांना क्वालिटीत काम करणाऱ्या नर्सची गरज असतेच, आणि अंतर्गत ऑडिटरचं छोटं प्रशिक्षण घेतलेली सिस्टर त्यांना हवी असते. यातल्या बहुतेक जागा दिवसपाळीच्या असतात. तुमचा नाइटचा प्रश्न काळा कोट न घालताही सुटू शकतो! आणि वर्षभर ते काम करून जर समजलं की रजिस्टरं बघून तुमचं डोकं उठतं, तर तीन वर्षं आणि फी वाचली.

त्या वर्षात एक पदविका करा. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची मेडिकल लॉ अँड एथिक्सची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने करता येते. पुण्यात सिम्बायोसिसचीही मेडिको-लीगल विषयातली पदविका आहे. या पदविकेने तुम्ही वकील होत नाही. पण निकाल कसा वाचायचा, कायदा, नियम आणि शासननिर्णय यांत फरक काय, हे कळतं. मला नर्स म्हणून सगळ्यात जड गेलं ते हेच. आपण 'प्रोटोकॉल' या एका शब्दात सगळं कोंबतो.

एलएल.बी.कडे वळलात तर तीन वर्षांचा कोर्स, पदवीनंतरचा. तुमचं बी.एस्सी. नर्सिंग पदवी म्हणून चालतं. (नुसतं जीएनएम झालेल्या मैत्रिणींना ही वाट थेट नाही, तो डिप्लोमा आहे, पत्र वाचणाऱ्यांपैकी काही जणी हे विचारणार म्हणून सांगून ठेवते.) खुल्या गटाला पदवीत ४५ टक्के लागतात. राज्य सीईटी कक्षाची प्रवेशपरीक्षा असते, मराठीतही देता येते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कायद्याची जाण, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी एवढे विषय. चौतिसाव्या वर्षी बसता येतं, तेव्हा वयाची भीती सोडा. लॉ कॉलेज रोडवरचं आयएलएस १९२४ चं आहे. त्याच्या आवारात शिरलात की मागच्या टेकडीकडे बघत बसावंसं वाटतं, एवढाच त्याचा धोका.

आणि आता त्या 'हजेरी न लावता' सांगणाऱ्या गृहस्थांबद्दल. त्यांना चहा पाजून वाटेला लावा. बार कौन्सिल घरबसल्या किंवा पत्राने केलेली एलएल.बी. मानत नाही, ७० टक्के हजेरी नियमात आहे, २०२४ मध्ये बार कौन्सिलने कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितली, आणि शिकताना नोकरी केली असेल तर ती जाहीर करावी लागते, मालकाचं ना-हरकत पत्र दाखवावं लागतं. सर्रास चालतं, कुणी बघत नाही, असं तुम्हाला दहा जण सांगतील. पण जरा विचार करा. न लावलेल्या हजेरीवर सही करून तुम्ही कोणत्या कामाची पदवी घेणार आहात? एकदा न घेतलेलं बीपी लिहिलंत, म्हणून हे पत्र लिहिलंत ना?

त्यामुळे घोडं इथेच पेंड खातं: वेळ. कॉलेजची तासांची वेळ प्रवेशाआधी स्वतः जाऊन विचारा, माहितीपत्रकावर जाऊ नका. धायरीहून सकाळी सिंहगड रोड ओलांडायला किती लागतं ते तुम्हाला सांगायला नको. हॉस्पिटलकडून दुपारची पाळी लेखी मागून बघा. देत नसतील तर कमी तासांची नोकरी, ओपीडी, डे-केअर असं काही तीन वर्षं करावं लागेल. मी सकाळी कॉलेज आणि दुपारी ड्यूटी केली. पहिल्या वर्षी 'कॉन्ट्रॅक्ट'च्या पेपरला मी 'ऑफर' आणि 'इन्व्हिटेशन टू ऑफर'मधला फरक लिहिण्याऐवजी बहुतेक झोपले होते, गुण तरी तसेच आले. घरच्यांशी बोलताना 'मला शिकायचंय' एवढंच म्हणू नका. सोमवार ते शनिवार मुलीला शाळेत कोण सोडणार, सासूबाईंना कोणते तास जड जातील, हे कागदावर मांडून बोला. सासूबाईंचा होकार गृहीत धरू नका, त्यांनाही विचारलेलं आवडतं.

मिस्टरांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते त्यांच्या बाजूचंही आहे. चाळिशीत एखाद्या सिनियरच्या ऑफिसात ज्युनियर म्हणून लागणं खरंच जड असतं. सुरुवातीची वर्षं पैसा जवळजवळ नसतो. पण कम्प्लायन्सच्या नोकरीला वकिलीची सनद लागतच नाही. उलट पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. म्हणजे एलएल.बी. होऊन तुम्ही हॉस्पिटलात नोकरी करत राहू शकता, आणि पुढे पन्नाशीत स्वतःचं काम करावंसं वाटलं तर नोकरी सोडून सनद घ्या, बार कौन्सिलची परीक्षा द्या. सनदेचं शुल्क सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये कायद्यातल्या ७५० रुपयांवर आणून ठेवलंय, तेव्हा ते तरी आडवं येणार नाही. त्यांना सांगा, बॅगा उचलायच्या नाहीत. फाइली उचलाव्या लागतील, आणि त्या बॅगांपेक्षा जड असतात.

पगाराचं खरं सांगते. क्वालिटीत गेलात की पहिल्या वर्षी हातात येणारी रक्कम वाढण्याऐवजी थोडी कमी होऊ शकते, कारण नाइट अलाउन्स जातो. वाढ होते ती दोन-तीन वर्षांनी, बहुतेक हॉस्पिटल बदलताना. एलएल.बी. नंतर दारं थोडी वाढतात. औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्या नैतिक समितीत २०१९ च्या नियमांप्रमाणे कायदा जाणणारी एक व्यक्ती लागते. खाटेजवळ काम केलेली कायदेतज्ज्ञ तिथे क्वचितच असते, आणि माहितीपत्रक पेशंटला कळतंय का हे तीच सांगू शकते. विमा कंपन्या, त्यांचे दावे हाताळणारे टीपीए, दोन-तीन छोटी हॉस्पिटलं मिळून ठेवतात तो सल्लागार, हेही आहे. रुग्णाच्या माहितीबद्दल २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्टचे फोटो टाकणाऱ्या आपल्या सगळ्या हॉस्पिटलांना ते लवकरच कुणीतरी समजावून सांगावं लागणार आहे. समजावणाऱ्याने आधी हेही बघावं, की फोटो टाकल्याशिवाय रात्री कन्सल्टंट ऑर्डर देत नाहीत.

आणखी एक निकाल वाचायला देते, पण तो रात्री झोपताना वाचू नका. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचं प्रकरण, सुप्रीम कोर्ट, १९९८. टायफॉइड झालेलं लहान मूल, डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहिलं, नर्सने दुसरंच दिलं, मूल कायमचं अंथरुणाला खिळलं. तिथे कोर्टाने हॉस्पिटललाही जबाबदार धरलं, शिवाय आईवडिलांना झालेल्या यातनांची भरपाई वेगळी दिली. कायद्याचे विद्यार्थी त्यातून 'मालकाची जबाबदारी' शिकतात. तुम्ही वाचाल तेव्हा तुम्हाला दुसरंच दिसेल: ते इंजेक्शन हातात असताना तिच्या शेजारी कोण होतं, तिला कुणी तपासलं, तिची नोंदणी कुणी बघितली होती. हे प्रश्न तुम्हाला न शिकवता पडतात. 'सगळं पहिल्यापासून का?' याचं उत्तर माझ्या लेखी तेवढंच आहे.

राहिलं 'नाही' म्हणण्याचं. पदवी मिळाली की आपोआप 'नाही' म्हणता येईल, ही आशा सोडा. मला एलएल.बी. नंतरही एकदा जमलं नाही. दुसऱ्या वेळी जमलं, त्याला कारण कलमं नव्हती. मी ज्या पदावर होते ते पद थेट विश्वस्तांना उत्तर देत होतं, ज्यांच्या खात्याची मी तपासणी करायची त्यांना नाही. म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा पगाराच्या आधी एक विचारा: 'मी रिपोर्ट कुणाला करणार?' उत्तर 'ऑपरेशन्स हेडना' असं आलं, तर समजा की वर्षभर तुम्ही त्यांच्याच चुका त्यांनाच दाखवणार आहात. दुसरं विचारा: गेल्या ऑडिटमध्ये काय काय त्रुटी निघाल्या, ते बघायला मिळेल का? 'काहीच निघाल्या नाहीत' म्हणाले तर पाणी पिऊन उठा.

आणि वकिलीच्या नादात नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मागे पडू देऊ नका. माझी एक मैत्रीण एलएल.बी.च्या तीन वर्षांत नूतनीकरण विसरली आणि ते पुन्हा चालू करायला तिला इतके हेलपाटे पडले, की त्यावर तिने एक स्वतंत्र फाइलच केली. तुमची मुदत कधी संपतेय, ते प्रमाणपत्र काढून आजच बघा. बहुतेक ते बँकेच्या पासबुकांखाली असेल.